गव्हाचा अंदाज घ्यायला भाताच्या मुलखात

रत्नागिरीहून आल्यापासून भेटेल तो विचारतो, "आंबे नाही तर नाही, फणसपोळी तरी आणलीत का?" नाही हो आणली. मी गेलो माघात, आंब्याला नुकता मोहोर धरला होता, आणि गेलो होतो गव्हासाठी. हे ऐकलं की माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग हसतात. रत्नागिरीला, आणि गव्हासाठी! हसा बापडे. मी त्या आठवड्यात एकदाही हसलो नाही.

ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी मुंबईत एका धान्याच्या पेढीवर आहे. जगात कुठे किती गहू पिकला, किती जहाजांत भरला, कोण घेणार आणि काय भावाने घेणार, याचा अंदाज बांधून शेटजींपुढे ठेवायचा, हे माझं काम. विलायतेच्या तारा येतात, अमेरिकेच्या येतात, कराचीच्या येतात; त्यांचा अर्थ लावत बसायचं. यंदाचं साल कसं चाललंय ते तुम्हांला ठाऊक आहेच. कॅनडात पीक उदंड, ऑस्ट्रेलियात उदंड, रशियाही माल बाहेर काढतोय. आणि घेणारे देश मात्र जकातीची दारं लावून बसलेले. भाव रोज उतरत होता. आज तळ गाठला म्हणावं तर उद्या त्याखाली आणखी एक तळ निघायचा. माझा स्वभाव मुळात काळजीचा. त्या दिवसांत तर तारवाल्याची सायकल दिसली की मी हातातली लेखणी खाली ठेवायचो.

अशात एका दलालाने शेटजींना गाठलं. ऑस्ट्रेलियाचा गहू भरून एक जहाज निघालेलं, माल अजून समुद्रातच, मालक अडचणीत. भाव असा की ऐकणाऱ्याला वाटावं, दलाल चुकून बोलला. शेटजींनी शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. मुंबईत गहू ठेवायला गोदाम उरलं नव्हतं. पण शेटजींच्या डोक्यात एक कल्पना आली होती. "भाऊराव," ते मला म्हणाले, "अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळी किनारपट्टी भात खाते. आता गहू तांदळापेक्षा स्वस्त झालाय. ही माणसं गव्हाकडे वळली तर एक जहाज काय, तीन पुरणार नाहीत. तू जा, रत्नागिरीकडे फिर, लोकांच्या ताटात बघ आणि मला तार कर. घ्यायचं की नको, एवढंच."

"शेटजी, आणि चुकलं तर?"

"तर पेढीला कुलूप," ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. गेल्या वर्षीच्या तोट्याने पेढी आधीच वाकली होती, आणि हे जहाज डोक्यावर बसलं असतं तर शेटजी, मी आणि गादीवरची सगळी माणसं घरी बसलो असतो. शेटजींचं वय सत्तरीच्या पुढे. घरी बसून त्यांनी केलं काय असतं, तेही कळत नाही.

बोट आणि बंदर

बोटीवर काय झालं ते सांगत नाही. ज्यांना बोट लागते त्यांना सांगायला नको आणि ज्यांना लागत नाही त्यांना सांगून उपयोग नाही. रत्नागिरीला बोट बाहेर खोलात उभी राहते आणि उतारूंना पडावात घेऊन किनाऱ्याला नेतात. पडावातून उतरताना एका खलाशाने मला खांद्यावर घेतलं. मी त्याच्या डोक्याला इतकी घट्ट मिठी मारली की तो ओरडला, "अवो, माजे डोळे सोडा!" या गडबडीत माझा एक पंपशू समुद्राला अर्पण झाला. जगाच्या गव्हाची चौकशी करायला मी अशा थाटात रत्नागिरीच्या वाळूवर उतरलो: एका पायात बूट, एका पायात मोजा.

किनाऱ्यावर विसूभाऊ न्यायला आले होते. हे आमच्या पेढीवरच्या कारकुनाचे चुलतभाऊ, कचेरीत नोकरीला. माझ्यासाठी त्यांनी आठवड्याची रजा टाकली होती. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "दुसराही टाकायचा होता हो. समुद्राला जोडी झाली असती." आणि स्वतःच्या वहाणा काढून मला दिल्या. कोकणातला माणूस असाच, आधी चिमटा काढणार आणि मग पायातली वहाण देणार. आमच्या घाटावर दोन्ही एकदम मिळत नाही.

दुपारी त्यांच्या घरी जेवायला बसलो. केळीच्या पानावर उकड्या भाताचा डोंगर, त्यावर वरण, बाजूला ओल्या काजूंची उसळ आणि सोलकढी. उसळ तर काय सांगू! पण बोटीने पोटाची दैना केली होती, म्हणून मी भिडस्तपणे म्हणालो, "भात जरा बेताने वाढा. आम्ही घाटावरची माणसं, आम्हांला एवढा भात सोसत नाही." वहिनींनी विसूभाऊंकडे पाहिलं, विसूभाऊंनी मान हलवली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पानात पोळ्या आल्या.

रत्नागिरी

विसूभाऊ मला शहरात चार घरी घेऊन गेले. एक वकील, एक शाळामास्तर, एक बोटीवरून निवृत्त झालेले तांडेल आणि एक नारळाचे व्यापारी. प्रत्येक घरी आग्रह करून जेवायला नाही तर फराळाला बसवलं, आणि चारही घरी पोळी. गुळाबरोबर पोळी, उसळीबरोबर पोळी, तांडेलांच्या घरी तर माशाच्या आमटीबरोबर पोळी. मी घरोघरी विचारी, "गहू आवडतो का?"

"आवडतो की!"

"पूर्वीपेक्षा जास्त खाता?"

"पूर्वीपेक्षा जास्तच म्हणायचं," मास्तर म्हणाले, आणि बायकोकडे पाहून हसले.

पोळ्या जाड होत्या आणि कडा कच्च्या. एक तर आफ्रिकेच्या नकाशासारखी होती. मी घाटावरचा; पोळीत मला कळतं. मी मनात म्हटलं, हात नवशिके आहेत. म्हणजे काय? म्हणजे या घरांत गहू नुकताच शिरला आहे! भाव उतरले, माणसं वळली, अजून हात वळायचे आहेत. हा निष्कर्ष काढून मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट भूक लागली.

पण काळजी अशी पाठ सोडते थोडीच. शहर म्हणजे मुलूख नव्हे. शहरातला वकील उद्या पावही खाईल. शनिवार जवळ येत होता, आणि मी अजून खेड्यातलं एकही ताट पाहिलं नव्हतं. विसूभाऊ म्हणाले, "पालीला जाऊ. बाजाराचं गाव आहे, कोल्हापूरच्या रस्त्यावर. शिवाय तिथून पुढे वाडीत आमच्या जुन्या ओळखीचे आबा राहतात. तुम्हांला भेटवतो. मी कालच निरोप पाठवलाय."

पाली

मोटारीत आम्ही माणसं, कोंबड्या आणि एक हार्मोनियम असे बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कातळ, तांबडा आणि उघडा. अधूनमधून खाली दरीत भाताची खाचरं, कापणी होऊन रिकामी पडलेली. माझ्या मनात आलं, या जमिनीत गव्हाचा दाणा रुजवायला देव आला तरी कुदळ मोडून परत जाईल. मग ही माणसं गहू घेणार तो सगळा बाहेरूनच घेणार. आमच्याकडून घेणार. हा आनंद की भीती, ते कळेना.

पालीला बाबूशेट म्हणून दुकानदार. गोणी, गुळाच्या ढेपा, घासलेटचे डबे, आणि मध्ये मांडी घालून बाबूशेट. विसूभाऊ बाहेर कुणा ओळखीच्याशी बोलत उभे राहिले, तेवढ्यात मी विचारलं, "गव्हाला गिऱ्हाईक कसं आहे?"

बाबूशेटांचा चेहरा फुलला. "काय सांगू भाऊराव! वर्षातून शिमग्याला नि दिवाळीला गहू सुटतो. एरवी गोणीतले पोरकिडेच खातात. पण या हप्त्यात उठाव आहे हो उठाव! हातखंब्याहून माणूस आला, शहरातून चिठी आली, वाडीवरनं माणूस आला. गोणी उपडी झाली. मी आजच दुसरी मागवतोय."

"शिमगा जवळ आला म्हणून असेल," मी सावधपणे म्हणालो. शिमग्याची मागणी वजा करायची, एवढी अक्कल मला होती.

"छे हो! शिमग्याला अजून अवकाश आहे. पुरणासाठी म्हणाल तर डाळ कुणीच नेली नाही. नुसता गहू."

डाळ नाही, नुसता गहू! म्हणजे सणासाठी नव्हे, रोजच्या खाण्यासाठी. मला आणखी काय हवं होतं? चार घरची ताटं, नवशिके हात, आणि आता बाजाराची साक्ष. तिथेच बाबूशेटांच्या दुकानात बसून मी तार लिहिली. घ्यावे. पालीहून मोटार परत रत्नागिरीला निघाली होती. ड्रायव्हरला तारेचे पैसे आणि कागद दिला आणि शपथ घातली की आधी तार ऑफिस, मग घर.

मोटार वळणाआड गेली तरी मी तिच्या धुरळ्याकडे बघत उभा. विसूभाऊ म्हणाले, "काय झालं हो? घोडं गंगेत न्हालं ना?"

"न्हालं," मी म्हणालो. "बुडलं नाही म्हणजे झालं."

वाडी

आबांची वाडी पालीपलीकडे, पायवाटेने एक टेकडी चढून उतरायची. आबा शेतकरी, दोन मुलगे मुंबईत गिरणीत, घरी आबा आणि त्यांची बायको, सगळ्यांच्या काकी. घर शेणाने सारवलेलं, ओटीवर घोंगडी अंथरून ठेवलेली. काकी पदर सावरून पुढे आल्या. "वायच बसा. पानी घेवा." आणि पाण्याबरोबर गुळाचा खडा.

रात्रीच्या जेवणात पोळी होतीच. काकी स्वतः चुलीशी बसून गरम गरम वाढत होत्या, आणि मी पोट भरलं म्हटलं की त्यांचं तोंड पडत होतं, म्हणून मी खातच राहिलो. आबा माझ्याबरोबर बसले नाहीत. "तुमी जेवा, मी मागाहून जेवतंय," म्हणाले. आमच्याकडेही पाहुणा आधी जेवतो. मला वावगं वाटलं नाही.

सकाळी मी ओटीवर तोंड धूत होतो. एक बाई टेकडी उतरून आली, बाबूशेटांच्या घरी कामाला असणारी. तिने दारातूनच हाक मारली, "काकी, पोळपाट-लाटना परत देताव ना? शेटाणीने मागितलान."

काकींनी आतून पोळपाट आणून दिला. मला गंमत वाटली. मी म्हणालो, "काकी, घरचा पोळपाट मोडला वाटतं?"

"घरचा?" काकी म्हणाल्या. "आमाला कशाला पोळपाट? आमी भाकऱ्या हातावर थापतांव. तांदळाच्या, नाचणीच्या."

"मग वाडीत दुसऱ्या कुणाकडे?"

"या वाडीत एक पन नाय वो."

माझ्या हातातला तांब्या खाली आला. मी तसाच ओल्या तोंडाने मागच्या दाराने आत गेलो. चुलीपाशी आबा बसले होते. पुढ्यात उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि भाजलेला सुका बांगडा. मला पाहून ते दचकले आणि ताट मागे सरकवायला लागले. पाहुण्याला दाखवायचं ते हे ताट नव्हतं.

मी विसूभाऊंना ओढतच बाहेर आणलं. "विसूभाऊ, खरं सांगा. हा गहू कुठून आला?"

"पालीहून. बाबूशेटकडून."

"आणि मास्तरांकडचा? तांडेलांकडचा?"

"आता तुम्हांला भात सोसत नाही म्हणालात. मी सगळीकडे निरोप धाडला, वाटेत जेवायला उतरलो तर म्हणून हातखंब्यालाही. शहरात दुकानात गहू किडलेला, सोंडे पडलेला होता, म्हणून पालीला चिठी पाठवून चांगला मागवला."

"अहो, पण मला सांगायचं नाही होय?"

विसूभाऊंना राग आला. खरोखरचा राग. "पाहुण्याच्या पानात वाढलेलं कुठून आणलं, ते पाहुण्याला सांगायचं असतं? घाटावर सांगतात काय? आणि गव्हाच्या पेढीचा माणूस घरी येऊन विचारतो गहू आवडतो का, त्याला काय तोंडावर नाही म्हणायचं?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबूशेटांचा उठाव मीच होतो. हातखंब्याचा माणूस, शहराची चिठी, वाडीचा निरोप, सगळं माझ्याच पोटासाठी. सबंध रत्नागिरीत गव्हाला एकच गिऱ्हाईक होतं, आणि ते एका पायात मोजा घालून उतरलं होतं. त्या एका गिऱ्हाइकाच्या जोरावर मी शेटजींच्या गळ्यात जहाज बांधून मोकळा झालो होतो. काल. आणि आज शुक्रवार.

परत

त्या दिवसाचं प्रवासवर्णन असं नाहीच. मी काही पाहिलंच नाही. टेकडी धावत चढलो, विसूभाऊ मागून "अहो, वहाण! वहाण!" ओरडत होते, कारण त्यांचीच वहाण माझ्या पायातून निसटली होती. पालीला मोटार लागली होती. ती हातखंब्यापर्यंत आली आणि चाक बसलं. ड्रायव्हर कालचाच. मी आशेने विचारलं, "काल तार दिलीत का हो?" म्हटलं, विसरला असेल, कोकणातला माणूस, देव पावो! "दिली म्हणजे काय! मोटार उभी करून आधी तार," तो छाती काढून म्हणाला. जगात एक माणूस चोख निघायचा तो हाच, आणि याच वेळी.

चाक दुरुस्त होईना. शेवटी एका बैलगाडीवाल्याची विनवणी केली. बैल आपल्या मनाने चालत होते. विसूभाऊंचा सकाळचा राग कधीच उतरला होता आणि आता त्यांना माझ्याइतकीच धास्ती बसली होती. उतारावर ते एकदा म्हणाले, "मी आपलं चांगलं करायला गेलो हो." मी म्हणालो, "तुमची चूक नाही." पण आवाज असा आला की त्यांनी मान खाली घातली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तार ऑफिस बंद व्हायच्या बेतात असताना पोचलो. तारमास्तरांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला. "काल घ्यावे, आज घेऊ नये. उद्या काय, विकावे?"

"मास्तर, पाया पडतो, आत्ता पाठवा."

पाठवली त्यांनी. पण मुंबईत ती कधी पोचणार, पोचली तरी शेटजींच्या हाती कधी पडणार, आणि शेटजींनी आधीच्या तारेवर दलालाला शब्द दिला असेल तर काय, हे कोण सांगणार? दिलेला शब्द आमच्या बाजारात परत घेत नाहीत. शनिवारी सकाळी बोट धरली. विसूभाऊ पडावापर्यंत आले. त्यांच्या वहाणा परत द्यायला लागलो तर घेईनात. दिवसभर समुद्र शांत होता आणि बोट मला लागली नाही. लागली असती तर बरं, निदान दुसरं काही सुचलं नसतं.

मुंबई

धक्क्यावरून तडक पेढीवर गेलो. गादीवर शेटजी एकटे बसले होते, पुढे दोन्ही तारा. मी उंबऱ्यातच थांबलो.

"ये," ते म्हणाले. "एक तार म्हणते घ्या, एक म्हणते नको. मी कुठली खरी धरायची?"

"दुसरी, शेटजी. पण ती वेळेवर..."

"सकाळी आली. पहिली परवाच आली होती. दलाल काल दोनदा येऊन गेला. मी त्याला थांबवून धरलं."

"का थांबवलंत? मी तर घ्या म्हटलं होतं."

"तू आणि बिनशर्त घ्या?" शेटजी म्हणाले. "तू साधा पाऊस पडेल म्हणालास तरी दहा 'पण' लावतोस. वाटलं, याला काही तरी झालंय. आज दुसरी आली तेव्हा जीव भांड्यात पडला. पहिली तार माणूस खुशीत करतो. दुसरी करायला लाज गिळावी लागते. मी दलालाला नको म्हणून सांगितलं."

मी तिथेच खाली बसलो. मला रडू आलं, ते लपवलंही नाही. मग सगळी हकीकत सांगितली: पोळ्या, पोळपाट, आबांची पेज. शेटजी हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या माणसाने त्या लोकांच्या तोंडचं काढून खाल्लं." दुसऱ्याच दिवशी त्यांनी चांगल्या गव्हाची एक गोणी आबांच्या नावाने बोटीवर चढवली.

ते जहाज दुसऱ्या एका व्यापाऱ्याने घेतलं. भाव पुढे आणखी उतरले. त्या घरी काय झालं ते बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे; मी ते इथे लिहीत नाही. त्या बाजूने जायची वेळ आली की मी दुसऱ्या गल्लीने जातो.

परवा आबांचा थोरला मुलगा गिरणी सुटल्यावर पेढीवर आला. गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर निरोप आला होता. "आबांनी सांगितलानी, गहू पोचला. उन्हात घातलानी, कडुलिंबाचा पाला घालून पिपात भरून ठेवलानी. किडा लागायचा नाय."

"अरे, पण तो तुम्हांला खायला पाठवलाय!"

"आमी कशाला खातांव?" त्याला प्रश्नच कळला नाही. "तुमी परत येनार न्हवं? आयने इचारलान, कवा येताय. म्हंजे आदी दळून ठेवता येयल."

"शिमग्याला येतो म्हणून सांग," मी म्हणालो. "आणि काकींना सांग, या वेळी मी आबांबरोबर बसून पेज जेवणार आहे."

तो हसला आणि टोपी घालून उठला. "सांगतंय," म्हणाला, "पन ता काय ती ऐकायची नाय."